वातानुकूलन तंत्रज्ञ

एसी, फ्रिज व शीतगृहांची यंत्रे बसवणारा आणि दुरुस्त करणारा कुशल कारागीर. दहावीनंतर आयटीआयचा २ वर्षांचा अभ्यासक्रम आणि शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ नुसार उमेदवारी हा या व्यवसायात येण्याचा रूढ मार्ग. एसी क्षेत्रातील ब्लू स्टार (१९४३) व व्होल्टास (१९५४) या कंपन्या मुंबईत उभ्या राहिल्या. नवशिका प्रथम तांब्याच्या नळ्या जोडणे, नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधणे आणि गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंपाने हवा व ओलावा काढणे शिकतो. मुंबईतील कफ परेडच्या मच्छीमार नगरासारख्या समुद्रालगतच्या वस्तीत खाऱ्या हवेने एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल लवकर गंजते. त्यामुळे नियमित देखभाल अत्यावश्यक ठरते. एसीत भरला जाणारा आर-३२ हा शीतक वायू सौम्य ज्वलनशील असल्याने सुरक्षेचे शिक्षणही अनिवार्य मानावे. अनुभवी तंत्रज्ञ पुढे पर्यवेक्षक किंवा स्वतंत्र ठेकेदार होतो.