मैलापाण्यातली वीज

आमच्या सोसायटीच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करणारा संच आहे. त्याचा ब्लोअर रात्रंदिवस घरघरतो आणि दर वार्षिक सभेत त्याच्या वीजबिलावरून वाद होतो. मागच्या वर्षी ‘रात्रीचा बंद ठेवा की’ अशी सूचना आली, अमलातही आली आणि चौथ्या दिवशी वासाने सगळी सोसायटी खाली गोळा झाली. घाण पाण्यात नुसती हवा फुंकायला एवढी वीज का, हे शोधताना मी १९१४ सालच्या मँचेस्टरला पोहोचलो.

तिथे आर्डर्न आणि लॉकेट हे दोघे रसायनतज्ज्ञ बाटल्यांत मैलापाणी भरून त्यात हवा सोडत होते. पहिल्या खेपेला पाणी पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी तळाशी बसलेला गाळ फेकला नाही. त्याच गाळावर नवे मैलापाणी ओतले. असे करत करत पाच आठवड्यांचे काम एका दिवसावर आले. तो गाळ म्हणजे जिवाणूंची वसाहतच होती. या प्रयोगांमागची प्रेरणा गिल्बर्ट फाउलर यांची. तेच पुढे १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. आमच्या तळघरातला ब्लोअर याच घराण्यातला. अशा केंद्रांच्या एकूण विजेपैकी साधारण निम्मी, कधी त्याहूनही जास्त, या फुंकण्यात जाते.

पण त्याआधी तीनच वर्षे, १९११ मध्ये, न्यूकॅसलच्या एम. सी. पॉटर या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी वेगळेच काही दाखवले होते. साखरेच्या द्रावणात यीस्ट किंवा जिवाणू सोडून त्यांनी प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बसवले, तेव्हा तारेत वीज मिळाली: ०.३ ते ०.५ व्होल्ट.

दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. जिवाणू अन्न खातो तेव्हा त्यातले इलेक्ट्रॉन त्याला कुणाला तरी द्यावे लागतात. ब्लोअरच्या टाकीत ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. पॉटर यांच्या मार्गाने गेले तर ते आधी इलेक्ट्रोड घेतो. मग तारेतून ते दुसऱ्या टोकाला जातात आणि तिथे बाहेरच्या हवेतला प्राणवायू त्यांना भेटतो. म्हणजे पाण्यात हवा फुंकायला नको.

हे वाचल्यावर मला आधी वाटले, जगाने चुकीचे वळण घेतले! आज तसे वाटत नाही. मैल्यातल्या ऊर्जेकडे कुणाचे लक्षच नव्हते असेही नाही. आपल्या माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्ये मैल्याच्या टाकीतला वायू जमवून त्यावर इंजिन चालवल्याची नोंद आहे. खरी अडचण अशी की पॉटर यांची वीज फारच थोडी होती. १९३१ मध्ये बार्नेट कोहेन यांनी असे अनेक घट जोडून ३५ व्होल्ट मिळवले, पण प्रवाह अवघा दोन मिलिअँपिअर. शिवाय पेशीच्या आतला इलेक्ट्रॉन बाहेर येतो कसा, हे कळायला फार काळ गेला. डेरेक लव्हली यांना १९८७ मध्ये पोटोमॅक नदीच्या गाळात लोहाला इलेक्ट्रॉन देणारा जिवाणू सापडला. १९९९ मध्ये कोरियाच्या ब्युंग हाँग किम यांनी मधल्या रसायनाची मदत न घेता जिवाणूकडून थेट इलेक्ट्रोडवर वीज घेतली.

२००४ मध्ये अमेरिकेत ब्रूस लोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच घट घरगुती सांडपाण्यावर चालवला. पाण्यातली ८० टक्क्यांपर्यंत घाण गेली आणि इलेक्ट्रोडच्या दर चौरस मीटरमागे २६ मिलिवॅट वीज आली. मी कागदावर हिशेब मांडला. नऊ वॅटचा एक दिवा लावायला साडेतीनशे चौरस मीटर इलेक्ट्रोड लागेल! त्यामुळे ‘मैल्यातून गाव उजळेल’ अशा बातम्यांवर माझा विश्वास नाही. लाभ आहे तो वाचलेल्या विजेत. जिवाणूच्या वाट्याला कमी ऊर्जा येत असल्याने गाळही कमी साठतो, आणि गाळ उचलून नेण्याचा खर्च ज्यांनी भरला आहे त्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

प्रयोगशाळेबाहेर मात्र घोडे अडते. ऑस्ट्रेलियात यटाला येथील बिअर कारखान्यात २००७ मध्ये तीन-तीन मीटर उंचीच्या बारा नळ्यांचा संच उभारला गेला, पण सांडपाणी विजेचे चांगले वाहक नसल्याने प्रवाह फारसा मिळाला नाही.

यंदाच्या सभेत मी हे सगळे उत्साहाने सांगितले. खजिनदार शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “काका, बिल किती कमी होईल तेवढं सांगा.” तूर्त काहीच नाही, असे सांगून मी खाली बसलो. ब्लोअर चालू ठेवण्याचा ठराव मंजूर झाला.