पायाला बांधलेली चिठ्ठी

पक्षिसंग्रहालयाच्या कपाटांत कापूस भरून जपलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कुठे मिळाला, कधी मिळाला, कोणी मिळवला, इतकाच मजकूर तिच्यावर असतो. पण ती सुटली किंवा खोटी निघाली, की उरते ते केवळ पिसांचे गाठोडे. एका खोट्या चिठ्ठीने आपल्या देशातल्या एका पक्ष्याचा इतिहास कसा बिघडवला आणि खऱ्या चिठ्ठ्यांनी तो कसा सावरला, याची ही हकिकत आहे.

पिंगळा महाराष्ट्राला परका नाही. गावातल्या जुन्या वडावर, पडक्या भिंतीच्या कोनाड्यात राहणारे हे ठिपकेदार छोटे घुबड. त्याची भाषा आपल्याला कळते असे सांगत पहाटे दारोदार भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही आपण पिंगळाच म्हणतो. रानपिंगळा हा त्याचा रानातला भाऊबंद. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोट पांढरे, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे, पाय दणकट. आणि घुबड असूनही भर उन्हात शिकार करणारा.

१८७२ साली ब्लेविट यांनी तो आजच्या छत्तीसगडमधील फुलझरच्या परिसरात मिळवला. पुढच्या वर्षी अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी शास्त्राला त्याची ओळख करून दिली आणि नावात ब्लेविट यांची आठवण ठेवली. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्ष्यांविषयीचे नियतकालिक ते चालवीत. १८८५ साली, म्हणजे सभेच्या पहिल्या अधिवेशनाच्याच वर्षी, त्यांचा साठ हजारांहून अधिक पक्ष्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेला.

रानपिंगळ्याचे आणखी नमुने मिळाले ते बहुतांशी पश्चिम खानदेशात. जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने तळोदे-शहाद्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी ते जमवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाच्या हाती लागला नाही. साऱ्या जगातले नमुने मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

त्यात एक नोंद १९१४ सालची होती. नमुना कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन यांच्या संग्रहातला आणि ठिकाण गुजरातेतील मांडवी. माइनर्टझागेन म्हणजे लष्करी हेर, शिकारी आणि नामांकित पक्षितज्ज्ञ. त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यामुळे पक्ष्यांच्या ग्रंथांत ही नोंद खरी धरली गेली. पुढे सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणकारांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला. तो सापडला नाही. पक्षी नामशेष झाला असावा, ही शंका बळावत गेली.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक दक्षिण आशियातील पक्ष्यांवरच्या एका मोठ्या ग्रंथाचे काम करत होत्या. त्यासाठी जुने नमुने तपासताना माइनर्टझागेन यांच्या नोंदींविषयी त्यांना संशय येऊ लागला. कर्नलसाहेबांविरुद्ध संग्रहालयातून पक्षी लांबवल्याची कुजबुज त्यांच्या हयातीतच होती, पण ते १९६७ साली वारले तोवर उघड बोट कोणी ठेवले नव्हते. १९१४ च्या रानपिंगळ्याची क्ष-किरण तपासणी झाली. जुने भरण काढून तो नव्याने भरलेला दिसला आणि त्याची मूळ बनावट डेव्हिडसन यांच्या नमुन्यांशी जुळली. खानदेशातला पक्षी ब्रिटिश म्युझियममधून चोरून, पायाची चिठ्ठी बदलून, गुजरातेतला म्हणून मांडला गेला होता.

ही नोंद खोडताच दोन गोष्टी बदलल्या. पक्षी शेवटचा मिळाल्याचे वर्ष १९१४ वरून १८८४ वर गेले, म्हणजे आशा आणखी तीस वर्षांनी मागे सरली. पण शोधायचे कुठे, हे मात्र स्पष्ट झाले. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट १९९७ च्या नोव्हेंबरात भारतात आले. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणे पालथी घातली. हाती काही लागले नाही. मग ते डेव्हिडसन यांच्या चिठ्ठ्यांचा माग काढत खानदेशात उतरले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, शहाद्याजवळच्या रानात, किंग यांना निष्पर्ण झाडावर एक छोटे घुबड बसलेले दिसले. डोक्यावर ठिपके नव्हते. एकशे तेरा वर्षांनी रानपिंगळा पुन्हा नोंदला गेला.

आपण म्हणतो, तो ‘पुन्हा सापडला’. खरे तर तो कुठेच गेला नव्हता. भिल्ल आणि पावरा लोकांच्या वस्त्यांभोवतीच्या सागाच्या रानात त्याच्या पिढ्या सरळ चालू होत्या. पुढे तो तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातील खकनार आणि थेट मुंबईजवळच्या तानसाच्या रानातही आढळला. गुजरातच्या डांगमध्येसुद्धा तो दिसला. पण म्हणून कर्नलची चिठ्ठी खरी ठरत नाही. गुजरातेत पक्षी असणे वेगळे आणि त्या चिठ्ठीवरचा पक्षी तिथला असणे वेगळे. इतिहासात योगायोगाने बरोबर निघालेले विधान हा पुरावा होत नाही.

नव्या ठिकाणांची भर पडत गेल्याने २०१८ साली त्याचा धोक्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा एक पायरी उतरला. हा दिलासा बेताचाच आहे. रानपिंगळ्याला मोठी, पोकळीची झाडे आणि विरळ, कोरडे रान लागते. नेमके तेच रान लाकडासाठी तुटते आणि शेतीखाली जाते.

म्हणून आज सातपुड्यात कोणी वहीत ‘रानपिंगळा, एक, सकाळी’ असे लिहितो, तेव्हा ठिकाण आणि तारीख नीट लिहिणे हा निव्वळ छंदाचा शिरस्ता नसतो. कोणते रान राखायचे हे उद्या अशाच ओळींवरून ठरेल. डेव्हिडसन यांनी लिहिलेली गावे खरी होती, म्हणून शंभर वर्षांनंतरही त्या वाटेने पक्ष्यापर्यंत पोहोचता आले.