सिलिकॉन नेमकं कुठलं? आखेनचा एक खटला



कोलोनहून रेल्वेने तासाभरावर असलेल्या आखेनच्या कस्टम्समध्ये एक वाद सुरू झाला, आणि त्यात आपला भारतही सापडला. इम्पोर्टच्या धंद्यात असलेल्यांनी तो जरूर माहीत करून घ्यावा.

युरोपियन युनियनच्या मार्च २००४ च्या नियमानुसार चिनी सिलिकॉन धातूवर ४९ टक्के अँटी-डंपिंग ड्युटी होती. अशी ड्युटी ठराविक देशाच्या मालावर लागते. म्हणजे मूळ देश बदलला की सगळा हिशोबच बदलतो. होएश मेटल्स अँड अलॉइज या जर्मन कंपनीचं सिलिकॉन तयार झालं चीनमध्ये. भारतात त्याचे ठोकळे फोडले, साफ केले, तुकडे चाळून आकारानुसार वेगळे केले आणि पॅक केले. कंपनीने मूळ देश लिहिला भारत. कस्टम्सचं म्हणणं, चीन!

प्रकरण ड्युसेलडॉर्फच्या कर न्यायालयातून लक्झेंबर्गला युरोपियन न्यायालयात गेलं. कायदा सांगतो, शेवटची महत्त्वाची प्रक्रिया जिथे झाली तो मूळ देश. पण 'महत्त्वाची' म्हणजे किती? १९७७ मध्ये हॅम्बुर्गच्या खटल्यात ठरलं होतं की केसीन नुसतं दळून, प्रतवारी करून, पॅक केल्याने मूळ देश बदलत नाही. मालाला आधी नसलेले गुणधर्म यायला हवेत. १९८९ मध्ये ब्रदर कंपनीचे तैवानमध्ये जोडलेले जपानी टाइपरायटर आले. तांत्रिक कसोटीवर निर्णय होत नसेल तर तिथे वाढलेली किंमत बघा, आणि ती १० टक्क्यांहून कमी असेल तर जोडणी पुरेशी नाही, असं कोर्ट म्हणालं.

११ फेब्रुवारी २०१० ला सिलिकॉनचाही निकाल लागला: फोडणं, साफ करणं, चाळणं, पॅकिंग यांनी माल भारताचा होत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर, मावळचा इंद्रायणी तांदूळ मुंबईत निवडून, पाखडून पिशवीत भरला तरी तो मावळचाच!

२०१६ पासून युनियनचा नवा कस्टम्स कायदा लागू आहे, पण कसोटी तीच आहे. आणि भुर्दंड बसतो तो इथल्या इम्पोर्टरला, चीनमधल्या विकणाऱ्याला नव्हे. तेव्हा भारतातून माल मागवताना नुसतं सर्टिफिकेट बघू नका. तिथे मालाचं नेमकं काय केलं जातं, ते आधी विचारा.