संहिता-मुद्रण
कोड एडिटरमधील मजकूर प्रिंटरकडे पाठवून कागदावर उतरवण्याची क्रिया. युनिक्सच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीतच मजकुराची पाने पाडणारी ‘पीआर’ ही आज्ञा होती (पहा : युनिक्स). तिचे पान एरवी ६६ ओळींचे. पैकी ५ ओळी तारीख, फाइलनाव व पृष्ठांकाच्या शीर्षपट्टीसाठी, ५ तळाशी कोऱ्या. ‘व्हीआय’ एडिटरमध्ये ‘:डब्ल्यू !एलपीआर’ अशी आज्ञा देतात. उद्गारचिन्हाआधीची मोकळी जागा राहून गेल्यास कागद निघत नाही, ‘एलपीआर’ नावाची फाइल मात्र तयार होते. ईमॅक्समधील ‘पीएस-प्रिंट’ अक्षरांचे रंग व ठळकपणा राखते (पहा : पोस्टस्क्रिप्ट). ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’मध्ये मुद्रणाची अंगभूत सोय नाही, त्यासाठी एक्स्टेन्शन लागते. छापील प्रतीचा उपयोग मुख्यतः संहितेच्या तपासणीसाठी व अध्यापनात होतो.