मोटारलीजची घासाघीस (अमेरिका)

नवी मोटार विकत न घेता ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेताना ग्राहक आणि डीलर यांच्यात होणारी भावाची बोलणी. मुदत बहुधा ३६ महिन्यांची असते. डीलरच्या टेबलाशी बहुतेक ग्राहक मासिक हप्ता कमी करून मागतात आणि तिथेच फसतात. हप्ता हे गणिताचे उत्तर आहे. ते बदलायचे तर आधी मांडणीतले आकडे बदलावे लागतात.

कंपन्यांना मोटारींचे ताफे दीर्घ मुदतीने भाड्याने देण्याचा धंदा शिकागोतील मोटारविक्रेते झोली फ्रँक यांनी १९३९ मध्ये सुरू केला. घरगुती ग्राहक या व्यवहारात पुढे मोठ्या संख्येने आले आणि त्यांच्यासाठी १९७६ मध्ये ग्राहक भाडेपट्टा कायदा झाला. त्याखालच्या ‘रेग्युलेशन एम’ या नियमावलीनुसार मोटारीची धरलेली किंमत (कॅप कॉस्ट), मुदतीअखेरचे शेषमूल्य (रेसिड्युअल), घसारा आणि वित्तभार हे आकडे करारात दाखवावे लागतात. वित्तभार डॉलरमध्ये दाखवला की पुरते. तो कोणत्या दराने काढला हे सांगण्याची सक्ती नाही. ग्राहकाला महागात पडते ती कायद्यातली हीच फट.

हिशेब असा : धरलेल्या किमतीतून शेषमूल्य वजा करून आलेला घसारा महिन्यांनी भागतात. मग धरलेली किंमत आणि शेषमूल्य यांची बेरीज करून तिला ‘मनी फॅक्टर’ने गुणतात. दोन्ही मिळून करापूर्वीचा हप्ता होतो. मनी फॅक्टर ०.००२० असा निरुपद्रवी दिसतो, पण त्याला २,४०० ने गुणले की वार्षिक व्याजाचा अंदाज मिळतो; इथे ४.८ टक्के.

समजा, छापील किंमत ३६,००० डॉलर आणि शेषमूल्य ६० टक्के, म्हणजे २१,६०० डॉलर आहे. भाव न करता सही केली तर हप्ता ५१५.२० डॉलर बसतो. किंमत ३३,६०० डॉलरवर आणली तर तो ४४३.७३ होतो आणि तीन वर्षांत अडीच हजारांवर डॉलर वाचतात. शेषमूल्याची टक्केवारी ठरलेल्या भावावर नव्हे, छापील किमतीवर काढतात, म्हणून मिळालेली सूट सगळीच्या सगळी घसाऱ्यातून वजा होते. ही छापील किंमत काचेवरच्या लेबलावर असते. ते लेबल १९५८ च्या कायद्याने बंधनकारक झाले आणि तो कायदा आणणारे ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांच्याच नावाने ओळखले जाते. लीजच्या गाडीचा भाव विकतच्या गाडीसारखाच करता येतो, हे मात्र लेबलावर कुठे लिहिलेले नसते.

मनी फॅक्टरचा मूळ दर (‘बाय रेट’) वित्तकंपनी ठरवते. डीलरला त्यावर मर्यादेत भर घालता येते. वरच्या उदाहरणात ३३,६०० चा भाव पदरात पाडून घेतलेल्या ग्राहकाला ०.००२० ऐवजी ०.००२५ लावला, तर महिन्याला २७.६० डॉलर, मुदतभरात ९९३.६० डॉलर जास्त जातात, आणि भाव जिंकल्याच्या आनंदात ते त्याच्या ध्यानातही येत नाही. म्हणून बाय रेट काय आहे, हे थेट विचारावे. डीलरचा ‘फोर स्क्वेअर’ हा चार चौकटींचा कागद नेमका उलट कामाचा असतो : जुन्या गाडीची किंमत, नव्या गाडीची किंमत, आगाऊ रक्कम आणि हप्ता एकाच वेळी समोर ठेवायचे, एका चौकटीत दिलेले दुसरीतून काढून घेतले तरी लक्षात येत नाही. जुनी गाडी द्यायची असेल तर तिचा सौदा वेगळा करावा.

शेषमूल्यावर घासाघीस चालत नाही. ते वित्तकंपनीचे भाकीत असते. भाकीत चुकले तर फटका तिलाच बसतो. २००८ मध्ये पेट्रोल महागले, ट्रक आणि एसयूव्हींच्या जुन्या बाजारातल्या किमती कोसळल्या आणि ऑगस्टपासून क्रायस्लर फायनान्शियलने अमेरिकेत लीज देणेच थांबवले. उलट, एखादे मॉडेल खपवायचे असेल तर उत्पादक मुद्दाम शेषमूल्य चढे किंवा मनी फॅक्टर उतरता ठेवतात. त्यामुळे अर्धा सौदा मॉडेल निवडतानाच होऊन जातो. विजेच्या गाड्यांवर भाडेदात्या कंपनीला ७,५०० डॉलरपर्यंत करसवलत मिळे, ती सप्टेंबर २०२५ अखेर बंद झाली. ती ग्राहकापर्यंत पोहोचवणे कंपनीच्या मर्जीवर होते, त्यामुळे तीही मागून घ्यावी लागे.

जाहिरातीतला आकर्षक हप्ता बहुधा मोठ्या आगाऊ रकमेवर उभा असतो. ही रक्कम देण्यात शहाणपण नाही. गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर विमा वित्तकंपनीचे येणे भागवतो. आगाऊ दिलेले पैसे सहसा परत येत नाहीत. मैलांची मर्यादा वर्षाला १०,००० ते १५,००० असते, वरच्या प्रत्येक मैलाला साधारण १५ ते ३० सेंट पडतात. जास्तीचे मैल सुरुवातीलाच घेणे बहुधा स्वस्त पडते.

एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या मराठी अभियंत्यांची अडचण निराळी. क्रेडिटचा इतिहास नसल्याने जाहिरातीतला दर त्यांना सहजी मिळत नाही, आणि मध्येच परतावे लागले तर मुदतपूर्व समाप्तीचा आकार उरलेल्या हप्त्यांच्या जवळपास जाऊ शकतो. उरलेले लीज दुसऱ्याच्या नावावर करण्याची मुभा काही वित्तकंपन्या देतात, काही देत नाहीत. ते सहीपूर्वी करारात पाहावे लागते.

मुदत संपल्यावर गाडी परत करताना परतीचे शुल्क लागते. करारात लिहिलेल्या शेषमूल्याला ती विकतही घेता येते. २०२१-२२ मध्ये जुन्या गाड्यांचे भाव इतके चढले की अनेकांच्या दारातली गाडी या आकड्यापेक्षा हजारो डॉलरनी महाग ठरली. तेव्हा कित्येक वित्तकंपन्यांनी ती तिसऱ्या पक्षाला परस्पर विकण्याची वाट बंद केली.