नाताळचे पुडिंग : एका ‘पुरातन’ पक्वान्नाची घडण

इंग्रजी कादंबऱ्या वाचत वाढलेल्या आपल्या मागच्या दोन-तीन पिढ्यांना नाताळच्या पुडिंगची ओळख झाली ती जिभेने नव्हे, पुस्तकांतून. काळसर, गोल गरगरीत गोळा, त्याच्या माथ्यावर हॉलीच्या काटेरी पानांची डहाळी, वरून ओतून पेटवलेल्या ब्रँडीची निळी ज्योत आणि दिवे मालवून त्या ज्योतीकडे टक लावून पाहणारी मुले, हे चित्र मनात पक्के बसलेले असे. ते प्रत्यक्ष चाखलेले आपल्यात थोडेच निघतील. त्याचे कारण पुढे येईलच.

या पक्वान्नाभोवती जुनेपणाचे वलय इतके दाट आहे की खुद्द इंग्लंडातही ते अनादिकाळापासून चालत आल्यासारखे बोलले जाते. त्यात तेराच जिन्नस घालायचे, कारण येशू आणि त्याचे बारा शिष्य मिळून तेरा. हा दंडक मध्ययुगीन चर्चने घालून दिला. पुढे प्युरिटनांनी पुडिंग बंद पाडले आणि पहिल्या जॉर्ज राजाने १७१४ साली ते पुन्हा ताटात आणवले, म्हणून तो ‘पुडिंग राजा’ ठरला, अशा कथा दर डिसेंबरात नव्याने छापल्या जातात. यांपैकी तेरा जिन्नसांच्या दंडकाला मध्ययुगीन आधार नाही, आणि जॉर्ज राजाच्या कथेला त्याच्या काळातला पुरावा नाही. कागदपत्रांतून दिसणारा इतिहास निराळा आहे, आणि माझ्या मते अधिक रोचकही.

मुळात हे गोड पक्वान्नच नव्हते. गोमांस किंवा मेंढ्याचे मांस शिजवून काढलेल्या रश्श्यात पावाचा चुरा घालून तो दाट करायचा, त्यात मनुका, मसाले आणि मद्य घालायचे, अशी ती पेज होती. तिला ‘प्लम पॉटेज’ किंवा ‘प्लम पॉरिज’ म्हणत. यातला ‘प्लम’ म्हणजे आलुबुखारा नव्हे. त्या काळच्या इंग्रजीत मनुका-बेदाण्यांनाही तोच शब्द चाले, आणि म्हणूनच आजच्या ‘प्लम पुडिंग’मध्ये प्लम शोधणाऱ्याची निराशा होते. लंडनचा प्रसिद्ध दैनंदिनीकार सॅम्युएल पीप्स याने १६६२ सालच्या नाताळात पत्नीच्या बिछान्यापाशी बसून ही पेज आणि भाजलेली कोंबडी खाल्ल्याची नोंद केली आहे. म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातही लंडनच्या सुखवस्तू घरात नाताळला ही पेजच होती.

पेजेचा गोळा झाला तो एका फडक्यामुळे. पूर्वी पुडिंग शिजवायचे तर ते जनावराच्या आतड्यात भरावे लागे, आणि ताजे आतडे मिळायचे ते जनावर कापले जाईल तेव्हाच. सतराव्या शतकात ओल्या, पीठ भुरभुरलेल्या फडक्यात मिश्रण बांधून ते उकळत्या पाण्यात सोडण्याची रीत रूढ झाली आणि पुडिंग कोणत्याही घरी, कोणत्याही दिवशी होऊ लागले. मोदकपात्रात ओले फडके अंथरणाऱ्या आपल्या गृहिणींना या युक्तीचे मोल वेगळे सांगायला नको.

प्युरिटनांच्या बंदीची हकीकत मात्र निखळ दंतकथा नाही. जून १६४७ मध्ये पार्लमेंटने नाताळ, ईस्टर आदी सण रद्द केल्याचा हुकूम काढला. हुकूम सणांविरुद्ध होता, पुडिंगविरुद्ध नव्हता. त्या वर्षीच्या नाताळात कँटरबरीच्या महापौराने दुकाने उघडी ठेवण्याचा आग्रह धरला, तेव्हा जमाव खवळला. उघड्या दुकानांतला माल रस्त्यावर फेकला गेला, दारांना हॉलीच्या फांद्या लागल्या, भर रस्त्यात चेंडूचा खेळ मांडला गेला. इतिहासात या प्रसंगाला ‘प्लम पुडिंग दंगल’ असेच नाव पडले आहे. सण बंद करायला निघालेल्या राज्यकर्त्याला लोक नेमके कोठे अडवतात, याचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल.

आज ज्याला परंपरा म्हणतात, तिची खरी घडण एकोणिसाव्या शतकातली, आणि तीही अवघ्या दोन-तीन दशकांतली. १८४३ साली डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरॉल’ प्रसिद्ध झाले. त्यातल्या क्रॅचिट कुटुंबाचे पुडिंग शिजते ते कपडे उकळण्याच्या तांब्याच्या हंड्यात, आणि म्हणून घरभर धुण्याच्या दिवसासारखा वास सुटतो. हा तपशील केवळ विनोदाचा नाही. गरिबाच्या घरात एवढे मोठे दुसरे भांडेच नसे. अनेक घरी चूलही पुरेशी मोठी नसल्याने हंस भाजून आणायला बेकरीत पाठवावा लागे. आणि त्या हंसासाठी दारूच्या गुत्त्यावर आठवड्याला थोडे थोडे पैसे जमा करणारे ‘गूज क्लब’ असत. आपल्या भिशीचाच तो भाऊ समजावा.

दोनच वर्षांनी, १८४५ मध्ये, एलायझा अ‍ॅक्टन या बाईंचा पाकशास्त्रावरचा ग्रंथ निघाला. पक्वान्नाला छापील पुस्तकात ‘ख्रिसमस पुडिंग’ हे नाव मिळाले ते बहुधा येथेच. त्याआधीचे नाव ‘प्लम पुडिंग’, आणि ते वर्षभरात कोणत्याही मोठ्या जेवणाला चाले. अ‍ॅक्टनबाई मूळच्या कवयित्री. १८२६ साली त्यांचा कवितासंग्रह निघाला होता. कवितेने त्यांना नाव दिले नाही, ते पुडिंगने दिले. त्यांची कृती आजही आटोपशीर वाटते : मनुका, काळे बारीक बेदाणे आणि चरबी प्रत्येकी सहा औंस, पीठ आणि पावाचा चुरा प्रत्येकी तीन औंस, सफरचंद, साखर, साखरेत पाकवलेली संत्र्याची साल, जायफळ-जायपत्री, पेलाभर ब्रँडी, तीन अंडी, आणि साडेतीन तास उकळणे. मसाला बेताचा, ही त्यातली विशेष गोष्ट.

‘स्टर-अप संडे’चा विधीही असाच जुन्या खुंटीवर टांगलेला नवा कोट. नाताळापूर्वीच्या अ‍ॅडव्हेंट पर्वाच्या आदल्या रविवारी इंग्लंडच्या चर्चमध्ये जी प्रार्थना म्हणतात, ती १५४९ च्या प्रार्थनापुस्तकातली. तिचा आरंभ ‘ढवळ, जागव’ अशा अर्थाच्या क्रियापदाने होतो. भक्तांची मने ढवळावीत हा तिचा आशय. लोकांनी थट्टेने तो शब्द पुडिंगच्या मिश्रणाला लावला, आणि त्या दिवशी घरातल्या लहानथोरांनी पाळीपाळीने मिश्रण ढवळावे, पूर्वेकडून पश्चिमेकडे ढवळावे, मनात इच्छा धरावी, अशी रीत पडली. पूर्वेकडून, कारण येशूच्या दर्शनाला आलेले ज्ञानी पुरुष पूर्वेकडून आले होते. मिश्रणात चांदीचे नाणे टाकायचे आणि ज्याच्या वाटणीला ते येईल तो भाग्यवान, ही प्रथा जानेवारीतल्या ‘बाराव्या रात्री’च्या केकमध्ये घेवड्याचा दाणा लपवण्याच्या फार जुन्या चालीवरून आलेली दिसते.

आता जिन्नसांकडे पाहू. इंग्लंडचे हे राष्ट्रीय पक्वान्न खरे, पण पीठ, चरबी, अंडी आणि सफरचंद सोडले तर त्यात इंग्लंडच्या मातीतले फारसे काही नाही. काळ्या बारीक बेदाण्याचे ‘करंट’ हे इंग्रजी नावच ग्रीसमधल्या कॉरिंथ शहरावरून आलेले. (आपला ‘बेदाणा’ही परकाच : फारसीत बे-दाना म्हणजे बिनबियांचा. तासगावच्या बागाइतदाराला आज हे सांगितले तर तो हसेल.) लवंग, जायफळ, दालचिनी पूर्वेकडची, साखर आणि रम वेस्ट इंडीजकडची. १८०५ साली गिलरे या व्यंगचित्रकाराने पिट आणि नेपोलियन हे दोघे टेबलावरचे पृथ्वीच्या गोलाचे पुडिंग सुरीने कापून घेत आहेत असे चित्र काढले. पुडिंग आणि जगाची वाटणी यांचा संबंध इंग्रजांच्या डोळ्यांसमोर तेव्हापासूनच होता.

तो संबंध सरकारी मुद्रेनिशी जाहीर झाला तो १९२७ मध्ये. साम्राज्यातला माल ब्रिटिश गिऱ्हाइकाने घ्यावा म्हणून १९२६ साली ‘एम्पायर मार्केटिंग बोर्ड’ स्थापन झाले होते. ग्रीसचा बेदाणा न घेता ऑस्ट्रेलियाचा घ्यावा, हा त्यातला एक रोकडा हेतू. बोर्डाने पंचम जॉर्जच्या मुदपाकखान्यातल्या मुख्य आचाऱ्याकडून ‘साम्राज्याच्या नाताळ पुडिंग’ची कृती मिळवली आणि प्रत्येक जिन्नसापुढे मुलखाचे नाव घालून ती सर्वदूर वाटली. बेदाणे ऑस्ट्रेलियाचे, मनुका ऑस्ट्रेलिया वा दक्षिण आफ्रिकेच्या, सफरचंद इंग्लंड वा कॅनडाचे, लवंगा झांजिबारच्या, रम जमैकाची, साखर वेस्ट इंडीज वा ब्रिटिश गयानाची, दालचिनी हिंदुस्थान वा सिलोनची, आणि ‘पुडिंगचा मसाला’ हिंदुस्थानचा. एकूण जिन्नस सतरा. तेरा शिष्टसंमत जिन्नसांचे काय झाले, हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

या यादीत हिंदुस्थानच्या वाट्याला आलेला मसाला चिमूटभरच. पण यादीचा कागद उलटा करून पाहिला तर हिशेब बदलतो. तिच्यातली साखर ‘डेमरारा’ नावाची, आणि डेमरारा हा ब्रिटिश गयानातला उसाचा मुलूख. १८२३ साली तेथील मळ्यांतल्या आफ्रिकी गुलामांनी उठाव केला होता आणि तो क्रूरपणे चिरडला गेला. पुढे कायद्याने गुलामगिरी संपली, तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ केला. गयानाला गिरमिटियांची पहिली जहाजे १८३८ साली पोचली आणि ही भरती पहिल्या महायुद्धापर्यंत चालू राहिली. म्हणजे बोर्डाच्या कागदावर जी साखर गयानाची, ती पिकवण्यात हिंदी माणसांच्या तीन पिढ्यांचे श्रम मुरलेले होते. त्यांच्या नावाचा रकाना त्या कृतीत नव्हता. मॉरिशसच्या उसात गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांना ही गोष्ट आपल्याहून लवकर उमगेल. बोर्ड १९३३ साली बंद झाले. कृती मात्र टिकली.

घरापासून दूर गेलेल्या माणसाला पुडिंग जितके प्रिय झाले, तितके ते घरी बसलेल्याला क्वचितच असेल. १९०२ च्या नाताळात स्कॉट, विल्सन आणि शॅकल्टन हे तिघे अंटार्क्टिकाच्या बर्फावर अर्धपोटी चालत होते. अन्नाचा प्रत्येक औंस मोजून बांधलेला. अशात शॅकल्टनने आपल्या सामानातल्या मोज्यातून क्रिकेटच्या चेंडूएवढे पुडिंग बाहेर काढले, आणि त्यावर खोवायला हॉलीची नकली डहाळीही. ऑस्ट्रेलियात तर नाताळ येतो ऐन उन्हाळ्यात. तरी तेथील वसाहतवाल्यांनी भर उकाड्यात तासन्‌तास हंडा पेटवून हे जड, गरम पक्वान्न करण्याचे सोडले नाही. हवेशी त्याचा मेळ नव्हता, भूक भागवण्यासाठी त्याची गरज नव्हती. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पाच-सहा पिढ्या राहूनही चैत्रात आंब्याची डाळ आणि पन्हे चुकू न देणाऱ्या आपल्या घरांना या हट्टाचे नवल वाटू नये. फरक एवढाच की आपल्या हट्टामागे तोफखाना उरला नव्हता. त्यांच्या हट्टामागे तो होता.

त्या तोफखान्याबरोबरच पुडिंग आपल्या शहरांच्या वेशीपर्यंत आले. सिकंदराबाद, महू, बेळगाव, मोरार येथील छावण्यांत ते दर डिसेंबरात शिजत असे. ते वेशीपाशीच थांबले याचे कारण त्यातली चरबी. बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची ही कठीण चरबी पुडिंगचा आधारस्तंभ; ती वगळली तर पुडिंगचा पोत राहत नाही, आणि ती असली तर हिंदू घराचा उंबरठा ओलांडता येत नाही. मनुका आणि रम यांच्यासह आत शिरला तो लोण्यातला प्लम केक, आणि तो आणला छावणीतल्या बेकऱ्यांनी. गोव्यात तर पुडिंगचा प्रश्नच उद्भवला नाही. तेथे राज्य पोर्तुगीजांचे, आणि नाताळच्या ताटात बेबिंका, दोदोल, कुलकुल आणि नेवऱ्या. या नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. गोव्याच्या हिंदू घरी त्या चतुर्थीला होतात. सणाला आपण मराठीत म्हणतो तो ‘नाताळ’ शब्दही पोर्तुगीज. माळव्यात आणि ग्वाल्हेरीकडे मात्र हिंदीच्या सहवासाने जुनी माणसे अजूनही ‘बडा दिन’ म्हणतात.

बिनमांसाची, वनस्पती-तेलापासून केलेली ‘चरबी’ इंग्लंडात आता सर्रास मिळते, आणि शाकाहारी म्हणून छापलेली पुडिंगे दुकानांत रांगेने मांडलेली असतात. परदेशी राहणारी आपली मुले डिसेंबरात सुट्टीवर येताना तसा एखादा डबा आणतात. तो उघडून वाफवायला ठेवला की लवंग-जायफळाचा वास घरभर पसरतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो वास मुळीच परका वाटत नाही.