फ्यूजची तार: बारीक असणं हेच जिचं काम

आज जरा मोठं लिहितोय, सवडीनं वाचा. विषय साधा आहे. फ्यूजची तार. केसापेक्षा थोडी जाड, दुकानात दहा-वीस रुपयांना मिळणारी. तिच्यामागं जवळपास पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि आपण गावोगावी तो एका मिनिटात पुसून टाकतो. कसा, ते शेवटाकडं येईलच.

मी काही इलेक्ट्रिशियन नाही. जुनं वाचायची आवड आहे, त्यातून ही माहिती गोळा होत गेली.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. बारीक तार म्हणजे जाड तारेची गरीब बहीण नव्हे. जिथं ती वापरतात तिथं तिच्या बारीकपणाचंच काम असतं. पैठणीची जर घ्या. चांदीची तार भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढत ओढत बारीक करायची, मग चेपून चपटी करायची, रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा. तार जाड राहिली तर पदर पुठ्ठ्यासारखा उभा राहील, घडीच पडणार नाही. किंवा आपल्या मिरजेची सतार, जिला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. लांबी आणि ताण तोच ठेवून तार बारीक केली की स्वर चढतो, जाड केली की उतरतो. तार बदलताना जाडी चुकली तर सतार लागतच नाही. विहिरीवरच्या मोटारीचं वाइंडिंगही तसंच. तांब्याच्या तारेवर वार्निशसारखा पातळ थर असतो, आणि ठरलेल्या जाडीचे ठरलेले वेढे बसले तरच मोटार नीट फिरते. रिवाइंडिंगवाल्यानं नंबर चुकवला की मोटार महिन्याभरात परत दुकानात.

जुना पिवळा बल्बही याच तारेवर जळायचा. टंगस्टन हा धातू इतका ठिसूळ, की त्याची तार ओढताच येत नव्हती. अमेरिकेतल्या विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास ती ओढून दाखवली. तेव्हापासून जवळपास शंभर वर्षं जगानं रात्रीचा अभ्यास त्या बारीक तारेच्या उजेडात केला.

या सगळ्या तारांनी टिकावं अशी आपली अपेक्षा असते. फ्यूजची तार तेवढी वेगळी. ती वेळ आल्यावर वितळण्यासाठीच बसवलेली असते.

ही कल्पना आली तारायंत्रातून. आपल्याकडं 'तार आली' म्हटलं की घरात आधी रडारड सुरू व्हायची, तीच तार. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. १८४० च्या दशकात युरोपात खांबांवरून तारायंत्राच्या लाईनी पसरत होत्या आणि एक मोठी अडचण होती वीज पडण्याची. लाईनवर कुठंतरी वीज पडली की तिचा लोंढा तारेतून थेट कचेरीत यायचा. यंत्र जळायचं, समोर बसलेल्या माणसाच्या जिवावर बेतायचं. फ्रान्समधला लुई ब्रेगे हा घड्याळं आणि उपकरणं बनवणाऱ्या नामांकित घराण्यातला. त्यानं १८४७ मध्ये सुचवलं, की लाईन कचेरीत शिरते तिथं मुद्दाम एक बारीक तारेचा तुकडा घाला. लोंढा आला की तो तुकडा आधी वितळेल आणि आतली यंत्रं वाचतील. साखळीत मुद्दाम एक कडी कच्ची ठेवायची, म्हणजे तुटलं तर तिथंच तुटेल. विचार इतका साधा होता.

मग आली दिव्यांची वीज. सप्टेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसननं वीजघर सुरू केलं. घराघरात तारा गेल्या आणि त्याबरोबर आगीची भीतीही गेली. भिंतीत दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर लाकडी घर पेटायला वेळ लागत नाही. म्हणून त्या व्यवस्थेत वितळणारी तार पहिल्यापासूनच होती, आणि १८९० मध्ये एडिसननं फ्यूजचं पेटंटही घेतलं.

पण तार किती बारीक हवी? इथं आणखी एका माणसाचं नाव घ्यायला हवं. विल्यम प्रीस, ब्रिटिश टपाल खात्याचे विद्युत अभियंता. १८८० च्या दशकात त्यांनी वेगवेगळ्या धातूंच्या, वेगवेगळ्या जाडीच्या तारा घेतल्या, करंट वाढवत नेला आणि कोणती तार किती करंटला वितळते ते मोजून काढलं. त्यातून एक सूत्र निघालं. तारेची जाडी दुप्पट केली की वितळायला लागणारा करंट दुप्पट होत नाही, जवळजवळ तिप्पट होतो. हा हिशेब आजही अंदाजासाठी वापरतात.

त्या सूत्रानं तांब्याच्या तारेचे आकडे काढून बघा. ०.२ मिलिमीटर जाडीची तार साधारण ७ अॅम्पियरला वितळते. ०.५ मिलिमीटरची साधारण २८ ला. १ मिलिमीटरची ८० ला. आणि २ मिलिमीटरची तब्बल सव्वादोनशेला. डोळ्यांना फरक दिसतो मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. काम मात्र पार बदलतं.

आता आपल्या गावात येऊ.

शेतातली डीपी सगळ्यांनी पाहिलीय. पेटीचं दार बहुतेक ठिकाणी गायब. आत चिनीमातीचे फ्यूज, ज्यांना आपण किटकॅट म्हणतो, त्यातले निम्मे फुटलेले. आणि फ्यूजच्या जागी काय? अॅल्युमिनियमच्या तारेचे पिळलेले तुकडे, कुठं कुठं सरळ जाड तारच वाकवून अडकवलेली. विचारलं की उत्तर ठरलेलं: "सारखा फ्यूज जातो हो, म्हणून जाड टाकली. आता जात नाही."

जात नाही हे खरंच. का जात नाही ते बघा. ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भारावर एका फेजला साधारण ८४ अॅम्पियर देतो. तिथं ३ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची तार अडकवली, तर प्रीस यांच्या हिशेबानं ती वितळायला ३०० च्या आसपास अॅम्पियर लागतात. म्हणजे तार शाबूत राहते आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. दहा-वीस रुपयांची तार वाचवली आणि लाखाच्या घरातली वस्तू फ्यूज म्हणून वापरली! मग नवीन ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत ऊस वाळतो, कांदा माना टाकतो, आणि वर्गणी काढून ट्रॅक्टर पाठवायची वेळ येते.

आता कुणी म्हणेल, शेतकऱ्याला अक्कल नाही. मला हे अजिबात मान्य नाही. शेतकरी जाड तार हौसेनं टाकत नाही. ५ हॉर्सपॉवरची मोटार एका फेजला साधारण ७ ते १० अॅम्पियर घेते. म्हणजे त्या ६३ च्या डीपीवर आठ ते बारा मोटारी चालाव्यात. प्रत्यक्षात किती असतात ते आपापल्या डीपीवर जाऊन मोजा. त्यात ऑटो स्विच. लाईट आली रे आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. फ्यूज जाणारच. रात्रीची लाईट, डीपी दीड किलोमीटरवर, बांधावर साप-विंचू, काही भागांत बिबट्या. लाईनमनकडं अनेक गावं, तो तरी कुठं कुठं पुरणार? अशा वेळी माणूस जाड तार टाकतो, कारण आजची रात्र निभावायची असते.

पण हिशेब तिथंच संपत नाही. वाऱ्यानं लाईनच्या दोन तारा एकमेकींवर आपटल्या, की योग्य फ्यूज लगेच वितळून लाईन बंद करतो. जाड तार ते करत नाही. ठिणग्या पडत राहतात, खाली उभा ऊस असतो, आणि एका ठिणगीत एकरच्या एकर जातो. कधी तार वितळून तुटते आणि खाली पडते. तिला चुकून बैल लागतो, म्हैस लागते, माणूस लागतो. अशी बातमी पेपरात आली नाही असा एक पावसाळा मला आठवत नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण याबाबत फार गैरसमज आहे. फ्यूज शॉकपासून वाचवत नाही. कोरड्या जमिनीवर पडलेली तार कधी कधी इतका कमी करंट घेते, की बरोबर जाडीचा फ्यूजही वितळत नाही. माणसाच्या छातीतून ३० मिलिअॅम्पियर गेले तरी जिवाला धोका असतो, आणि घरातला सगळ्यात बारीक फ्यूज ५ अॅम्पियरचा, म्हणजे त्याच्या दीडशे पटीहून जास्त. म्हणून तुटलेल्या तारेजवळ 'फ्यूज गेला असेल' असं धरून जाऊ नका. घरात माणसासाठी वेगळं साधन लागतं, ज्याला आपण ईएलसीबी म्हणतो. जाणारा आणि येणारा करंट सारखा आहे का, हे ते सतत पाहतं. फरक पडला की ते क्षणात लाईन तोडतं. आणि गंमत म्हणजे तो फरक ओळखणारं वेटोळंही बारीक तारेचंच असतं.

घरातला फ्यूज आता मागं पडत चाललाय. जर्मनीत ह्यूगो श्टोट्झ यांनी १९२४ मध्ये छोट्या सर्किट ब्रेकरचं पेटंट घेतलं. आपण ज्याला एमसीबी म्हणतो, तो हाच. पडला की पुन्हा वर करायचा, तार शोधत बसायला नको. पण खोड तीच. एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ चा काढून ३२ चा बसवणारे शहरातही कमी नाहीत. भिंतीतली वायर मात्र जुनीच राहते, आणि आग त्या वायरीतून लागते. तेव्हा हसायचं असेल तर नुसतं शेतकऱ्याला हसू नका.

मला विचाराल तर मागण्या अगदी साध्या आहेत. प्रत्येक डीपीच्या दारावर आत लिहिलेलं असावं: किती केव्हीए, किती मोटारी, फ्यूजला कोणती तार. दार असावं आणि त्याला कुलूप असावं. उन्हाळ्याच्या आधी एकदा सगळे किटकॅट बदलावेत. भार जास्त असेल तर ट्रान्सफॉर्मर वाढवून मिळावा, आणि ती मागणी ग्रामसभेत ठराव करून लेखी द्यावी. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. आपल्याकडून करण्यासारखं एक आहे: एका डीपीवरच्या लोकांनी बसून मोटारी पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं सुरू करायचं ठरवावं. ऑटोला टायमर लावून घेता येतो. निम्मे फ्यूज तिथंच वाचतील.

आणि कृपा करून, स्वतः डीपीत हात घालू नका. पोरांना तर अजिबात पाठवू नका.

फ्यूज सारखा जातोय याचा अर्थ तार कमजोर आहे असा नसतो. कुठंतरी भार जास्त झालाय, एवढंच ती सांगत असते. तिचं तोंड बंद करण्याआधी ती काय सांगतेय ते ऐकून तरी घ्या.

तुमच्या डीपीवर किती मोटारी आहेत आणि फ्यूजच्या जागी काय आहे, ते कमेंटमध्ये लिहा. फोटो टाकायचा तर लांबूनच काढा.